आठवं कुंकू

मराठवाड्यावर झालेल्या अन्यायांच्या यादीत माझ्या डाव्या गुडघ्याची नोंद व्हावी, अशी नम्र मागणी आहे. कन्नडहून पिशोरला जाताना काळीपिवळीत मला गिअरच्या दांड्याशेजारी बसवलं. भाडं पन्नास रुपये. गुडघा ड्रायव्हरच्या मर्जीवर.

सकाळी शहरातल्या क्रांती चौकात नुसता चहा प्यायला निघालो होतो. टपरीवरच्या पेपरात दिसलं: रझाकारांशी लढणाऱ्या तुकडीला पिशोरपुढच्या डोंगरावर भाकरी पोचवणाऱ्या बायांचं स्मारक, आज उद्घाटन. घरी तरी कुठं बूड टेकत होतं? सुटलो. तुम्ही जाणार असाल तर पिशोरला भजी खाऊन दुसरी जीप धरा. शेवटचा चढ पायी आहे, टोपी न्या.

मी नेली नव्हती. चढावर अंजनाबाई भेटल्या. धनगराच्या, सत्तरी ओलांडलेल्या, हातात हळदीकुंकवाचं ताट. माझी धाप बघून त्यांनी फडक्यातली भाकरी-ठेचा पुढं केला. मी पाकीट काढलं.

"ठिव खिशात. माझी माय सखूबाई घोंगडीखाली भाकरी लपवून मेंढरांसंगं वर न्यायची. तिनं कुणाकडं पैसं मागितलं? अन् हे फडकं बांध डोक्याला, लई तापलंय."

वर काळा दगड. त्यावर सात बायांची नावं आणि खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत देणगीदार. भाकरी थापण्यापेक्षा सिमेंट देणं अवघड असावं. घरोघरच्या सुना-लेकी आपापल्या घरच्या बाईच्या नावाला कुंकू लावत होत्या.

"बाबा, मला वाचता येत नाय. सखूबाईवर बोट ठिव."

वरून खाली वाचलं. पुन्हा खालून वर. बोट कुठंच ठेवता येईना.

"नाय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

सरपंच पुढं आले. "मावशे, नावं गोळा केली तवा तुम्ही मेंढरं घेऊन लांब गेल्ता. कुणाला इचारावं?"

"भाकरीला तुझा आज्जा बरा मेंढरांमागं हुडकत यायचा!"

बाया फिस्सकन हसल्या.

"आता दगडावर जागा नाय, मावशे."

मी देणगीदारांची नावं मोठ्यानं वाचायला घेतली. सरपंचांनी माझ्याकडं असं पाहिलं की तिसऱ्यावर थांबलो.

अंजनाबाईंनी सातव्या नावाखालच्या कोऱ्या पट्टीवर हळदीकुंकू लावलं. नुकतीच सासूचं नाव पुजून गेलेली पाटलाची सून मागं फिरली आणि तिनंही तिथंच कुंकवाचं बोट टेकवलं. मग दुसरी. मग रांगच लागली.

"बघू, कोरून घेऊ," सरपंच पुटपुटले.

या 'बघू'त माझी निम्मी हयात गेलीय. घरी आल्यापासून तोच शब्द टोचतोय. स्मारकाचे फोटो चांगले आलेत, पण बघवत नाहीत.

डोक्याला बांधलेलं फडकं तसंच घरी आलं होतं. आज ते धुतलं. शहागंजच्या बाजारातून गुळाची ढेप आणून त्यात बांधली. फडकं रिकामं परत करत नसतात. पिशोरच्या गाडीवाल्याकडं दिलं.

"कुणाला द्यायचं?"

"सखूबाईच्या लेकीला."

"कोण सखूबाई?"

गाडी सुटायला वेळ होता. सांगितलं.