होकायंत्राखालची बिडाची बैठक

मी एका मच्छीमार होडीच्या होकायंत्राखाली साडेचार किलोची बिडाची बैठक बसवली. बीड म्हणजे ओतीव लोखंड. होकायंत्राशेजारी लोखंड ठेवू नये हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी बसवली, वर पिवळा रंगही मारला.

माझं दुकान शाहूपुरीत, शेतीपंपांच्या आणि डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांचं. समुद्र माझ्या धंद्यात यायचा तो एस.टी.तून, घाट चढून. वेंगुर्ल्याच्या बाजूचा एक तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, वर्षातून दोनदा इंजिनाचं सामान न्यायला यायचा. आधी गिऱ्हाईक होता, मग आमच्याकडे जेवायला थांबायला लागला, मग दोस्त झाला. कोल्हापूरचा रस्सा खाऊन त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायचं आणि तो म्हणायचा, "तुमी माणसां जेवतास काय मारामारी करतास?"

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जाळं ओढताना त्याचा उजवा खांदा निखळला. बसवला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. तासभर चाक धरलं की हात बधिर व्हायचा. होडीवर तो आणि त्याचा एक भाचा, दोघंच. भाचा जाळ्याला, हा चाकाला. त्या वेळी त्याच्याबरोबर त्याची बायकोही दुकानात आली. स्टुलावर बसली आणि मुद्द्यालाच हात घातला.

"भावजी, एकतर ह्यांच्या हाताक आराम देणारा यंत्र घेवया, नायतर होडी विकूया. पण घरात बसले तर हे दोन म्हयन्यात मरतले. तुमी सांगशात तां घेवया."

तुमी सांगशात तां. त्या तीन शब्दांनी माझी छाती दोन इंच फुगली. मी कधी समुद्रात गुडघ्याच्या वर गेलो नव्हतो, हे त्या क्षणी मला आठवलं नाही.

घ्यायच्या होत्या दोन गोष्टी. एक डिझेल मीटर, टाकीत किती उरलंय आणि इंजिन किती पितंय ते सांगणारा. दुसरा ऑटोपायलट, एकदा दिशा लावून दिली की चाक आपणच फिरवून होडी त्या दिशेला ठेवणारा. मीटरच्या बाबतीत मी खरंच अक्कल वापरली. डिझेल इंजिनाला जेवढं तेल जातं तेवढं सगळं ते जाळत नाही, उरलेलं परत टाकीत येतं. म्हणून जाणाऱ्या नळीवर एक आणि परतीच्या नळीवर एक, असे दोन मापक असलेला मीटर मी निवडला. एकाच मापकाचा घेतला असता तर होडी निम्म्या वाटेतच उपाशी आहे असं दिसलं असतं. हे मी तांडेलाला समजावलं, त्याच्या बायकोला समजावलं, शेजारच्या चहावाल्यालाही समजावलं. या शहाणपणात मी इतका रमलो, की ऑटोपायलट निवडताना आमच्या गावची रीत वापरली. हातात घेऊन बघितला. जो जड लागला तो घेतला.

तुम्ही हसाल, पण आमच्याकडे वस्तू अशीच पारखतात. पंप असो, पातेलं असो, चप्पल असो, आधी तळहातावर तोलायची. हलकी लागली की ती फसवाफसवी. आणि त्या यंत्राला दिशा कळावी म्हणून त्याच्याबरोबर होकायंत्राची एक छोटी डबी आली होती, ती बसवायला प्लास्टिकची पकड. पकड इतकी हलकी, की फुंकर मारली तर उडावी.

शिवाजी पेठेतला माझा एक तालमीतला दोस्त उद्यमनगरात ओतकामाचा कारखाना चालवायचा. त्याला ती पकड दाखवली.

"ह्ये? दर्यात?" त्यानं ती दोन बोटांत धरून शेजारच्या भट्टीकडं बघितलं. "भावा, दर्याची एक लाट आली तर ह्ये कुठं ऱ्हाईल? थांब. अशी बैठक वतून देतो की होडी बुडंल, पर डबी हलायची न्हाय."

त्यातलं 'होडी बुडंल' आम्हा दोघांनाही तेव्हा खटकलं नाही. त्यानं एका साच्यातनं दोन बैठका ओतल्या. एक होडीला, एक माझ्या दुकानात शोभेला. मी खाली कोकणात गेलो, सगळं बसवून दिलं. पुस्तिका वाचली होती. इंजिनापासून डबी लांब ठेवा, नांगरापासून लांब ठेवा, सगळं तंतोतंत पाळलं. डबीखालचं बीड मात्र मी यंत्राचाच भाग धरून चाललो होतो. वर होडीवरचं जुनं काचेचं होकायंत्र जागा अडवतंय म्हणून काढून फळीखाली टाकलं. खाडीत चाचणी घेतली. होडी सुतासारखी सरळ गेली. यंत्र सरळ चालवतं, चुकीच्या दिशेलाही सरळच चालवतं, हे मला कळायला अजून दोन आठवडे होते.

त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो. फोन वाजला. तांडेलाची बायको.

"भावजी, हे अजून इले नाय. काल गेले ते पहाटे येवचे होते. हयसर धुक्यान काय दिसणा नाय. ह्यांचे भाव होडये घेवन समोर शोधूक गेलेत. तुमच्या यंत्रात काय कळता काय, खय आसत ते?"

मी म्हणालो, "वहिनी, यंत्र चांगलं आहे. काळजी करू नका." आणि फोन ठेवल्यावर स्वतःच काळजीत पडलो. त्यांच्याकडे ना जीपीएस, ना समुद्रात मोबाइलला रेंज. गिऱ्हाईक पिस्टनच्या रिंगा मागत होतं, मी त्याला नटबोल्ट देत होतो. शेवटी ते म्हणालं, "पावणं, बरं न्हाय काय?" मी शटर अर्धं ओढलं आणि पुस्तिका पुन्हा उघडली.

एका चित्रात डबी होती, तिच्याभोवती गोल होता आणि त्या गोलात कुठलंही लोखंड नको अशी फुली होती. मी मान वर केली. समोर गल्ल्यावर शोभेची बैठक. पिवळी, चकचकीत.

समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातनं पोरांचं खेळण्यातलं होकायंत्र आणलं आणि कारखानदार दोस्ताला बोलावून घेतलं. आधी बैठक लांब ठेवून सुई बघितली. उत्तर उत्तरेला. मग तांडेल पूर्वेला, घराकडे, तोंड करून येतोय असं धरून बैठक होडीत होती तशी ठेवली आणि होकायंत्र तिच्यावर टेकवलं. सुई भेदरल्यासारखी फिरली आणि थांबली. होकायंत्रावरची पूर्व आता पार आग्नेयेकडे सरकली होती.

दोस्तानं टोपी काढली. "आयला," एवढंच म्हणाला. मग हळूच, "जाताना कसं काय गेला मग त्यो?"

जाताना तो हातानं गेला असणार. किनारा माहीत, हात ताजा. परतताना हात दुखला की यंत्राच्या हवाली. एरवी किनारा दिसला की तो चाक सरळ करत असणार; आज धुक्यात चुकलेलं कळलंच नसेल. म्हणजे परतताना त्याचा हात मीच होतो.

आता फोन करायला हवा होता. भाऊ समोर पश्चिमेला शोधत होते आणि हा असणार दक्षिणेला. पण फोन करायचा म्हणजे कबूल करायचं. मी रिसीव्हर उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. दोस्त म्हणाला, "तू करतोस का मी करू? मी केला तर शिव्या आपल्याला निम्म्या निम्म्या पडतील."

मी केला. "वहिनी, समोर नका शोधू. गोव्याच्या बाजूला शोधा. डबीखाली मी जे बसवलंय ना, त्यानं दिशा चुकते. माझं चुकलं."

 पलीकडून अंगणातला कोंबडा ऐकू आला. मग "बरां," आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत मी आणि दोस्त गल्ल्याच्या दोन बाजूंना बसलो. समोर बैठक. चहा आला, गार झाला. दोस्त मधूनच म्हणायचा, "येईल की." थोड्या वेळानं, "येईल का रं?"

चार वाजता फोन आला. तांडेल स्वतः, घरून. त्याचा आवाज ऐकून दोस्त दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, डोळे पुसायला.

"किनारो दिसूचो तेवा दिसलो नाय," तांडेल सांगत होता. "तुमच्या मीटरात बघितलंय तर डिझेल थोडा. हिंडत बसलंय तर खलास. म्हणान नांगर टाकलंय, इंजिन बंद केलंय आणि धुक्या जावची वाट बघलंय. धुक्या गेला तर समोर टेकडयेर पांढरा चर्च. माका वाटला, आमच्या गावात ह्या कधी बांधल्यानी?" तेवढ्यात वहिनींनी मागाहून दुसऱ्या होडीनं दक्षिणेला धाडलेल्या एका भावानं त्याला गाठलं होतं.

त्या रविवारी मी पहिल्या एस.टी.नं घाट उतरलो. स्वतःच्या हातानं बैठक उचकटली, प्लास्टिकची पकड लावली, जुनं होकायंत्र जागेवर ठेवलं. खाडीबाहेर जाऊन होडीला सावकाश गोल फिरवलं, पुस्तिकेत सांगितलं होतं तसं. दोन्ही होकायंत्रं एकमेकांशी जुळली. मला तीनदा ओकारी झाली, पण ती वेगळी गोष्ट.

परत आलो तर वहिनी दारात उभ्या. नवऱ्याच्या खांद्याकडे बघत होत्या. होडी विकायची की ठेवायची, हे त्या ठरवणार होत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "वहिनी, आता बरोबर आहे. पण तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी माझ्या हातातली बैठक घेतली, तळहातावर तोलून बघितली आणि सुक्या बांगड्यांच्या पिंपाच्या झाकणावर ठेवली. झाकण घट्ट बसलं.

"जावंदेत दर्यार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमचा दुकान कोल्हापुरात हा तां बरा हा, भावजी. हयसर असता तर आमचो अख्खो गाव गोव्याक पोचलो असतो."