दगडी बाकावरचा शेवटचा खडा

नेद्याल्का दगडी बाकावर बसणार ही बातमी फुटली तेव्हा अख्खं गाव हसलं. हसण्याच्या महोत्सवाला याहून चांगला नारळ कोणता फुटणार?

यांत्रा नदीकाठचं आमचं गाव एकेकाळी गिरण्यांचं होतं. आता गिरण्यांना कुलपं आहेत आणि दर मे महिन्यात भरणाऱ्या विनोद महोत्सवावर गावाची काय ती ओळख उरली आहे. चार दिवस निरनिराळ्या सभागृहांत एकेकटे कलाकार माइक धरून उभे राहतात नि लोकांना हसवतात. शेवटच्या दुपारी ‘तडकलेला दगड’ हा पुरस्कार दिला जातो. तो देणारे कुणी मोठे जाणकार नसतात. वर्षाचं तिकीट घेणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून काढलेली पाच माणसं मंचावर, दगडी बाकावर, प्रेक्षकांकडे तोंड करून बसतात. त्यांनी हसायचं नसतं. प्रत्येकाच्या मुठीत एकच खडा. ज्याचे दात दिसले त्याने त्या क्षणी समोर जो कलाकार उभा असेल त्याच्या बादलीत आपला खडा टाकायचा. ज्याच्या बादलीत खडे जास्त, दगड त्याचा. बरोबरी झाली तर टाळ्यांवर निकाल. मधेच उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि खोटं हसायचं तर मुळीच नाही. एका साली एका खाटकाने भाच्यासाठी खोटं हसून खडा टाकला. त्याला गाव अजून ‘कवळी’ म्हणूनच हाक मारतं.

आता नेद्याल्का म्हणजे हसण्याच्या बाबतीत गळकी बादली. अडुसष्ट वर्षांची ही बाई गेली बावीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असते. तिचं हसू आधी घशात अडकतं, मग बकरी बेंबटल्यासारखं बाहेर पडतं, आणि ते ऐकून बाकीचे हसतात. बाहेरगावचे कलाकार आल्या आल्या विचारतात, ‘ती बाई आली आहे का?’

पण ही बाई घरात कधी हसली नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा त्सांको गिरणीत मुकादम. दारू नाही, मारझोड नाही, बाहेर भानगड नाही. तक्रार करावी तर लोक वेड्यात काढतील असा नवरा. त्याला फक्त आवाज सहन होत नसे. "दिवसभर मागांचा खडखडाट ऐकतो, निदान इथे तरी गप्प बसा. आणि दात काय काढतेस?" एवढंच त्याचं म्हणणं. एवढ्याशा म्हणण्यात एकतीस वर्षं गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातल्या बुक्क्या तेवढ्या नव्हत्या.

मागावर काम करणाऱ्या बायकांना एक विद्या आपोआप येते. त्या खडखडाटात कान निरुपयोगी, म्हणून त्या एकमेकींचे ओठ वाचतात. नेद्याल्काच्या शेजारच्या मागावर स्तोइना होती. ती रविवारी घरी यायची. त्सांको वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचा, आणि या दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसून आवाज न करता मनसोक्त बोलायच्या. खरं जे काही होतं ते नेद्याल्का त्या टेबलावरच बोलली. धाकट्या वेलीनाला वाटायचं, आई आणि मावशी च्युइंगम चघळतायत. निदान नेद्याल्का तसं समजून चालली होती.

वेलीना अठराव्या वर्षी राजधानीत निघून गेली. नऊ वर्षांपूर्वी बापाच्या दफनाला आली, दफनानंतर वाटतात तो पावही खाल्ला नाही, बसली नाही, संध्याकाळच्या बसने परत गेली. नंतर फक्त नववर्षाचा फोन. "बरी आहेस?" "बरी आहे." काय करते म्हणून विचारलं तर "बोलते," एवढंच उत्तर. नेद्याल्काने ठरवून टाकलं होतं की ती कुठल्या तरी कंपनीत फोनवर बोलत असेल.

शेवटच्या दुपारी ती बाकावर बसली. ठेवणीतला निळा झगा, मुठीत खडा.

"नेद्याल्काकाकू, पहिल्याच वाक्याला खडा जाणार बघा!" खालून कुणीतरी ओरडलं.

"पैज लाव," शेजारी बसलेला त्रेंदाफिल बेकरीवाला तिला हळूच म्हणाला. "मी तर पोट बांधून आलोय."

"तू गप. बोलायचं नाही," ती म्हणाली. तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं, या गावाला आज दाखवून द्यायचं. एकतीस वर्षं हसू गिळलेल्या बाईला बारा मिनिटं काय जड!

अंतिम फेरीत दोघंच होते. बाकावरच्यांनी विनोद आधी ऐकू नयेत म्हणून त्यांना आधीच्या फेऱ्या बघू देत नाहीत, नावंही सांगत नाहीत. निवेदकाने पुकारलं, "लीना वार्नेन्स्का!" आणि मंचावर वेलीना आली.

केस कापलेले, बापाचं नाक, हातात माइक. तिने बाकाकडे पाहिलंही नाही. पण बाकावरच्यांची नावं आठवडाभर चौकातल्या फलकावर होती. पोरगी जाणूनबुजून आली होती, हे नेद्याल्काला तिथल्या तिथे कळलं.

"मी याच गावची," वेलीना म्हणाली. "आमच्या घरी आवाजाला बंदी होती. इतकी, की आमचं मांजरसुद्धा शेजाऱ्यांकडे जाऊन म्याव करून यायचं."

लोक हसले.

"आई आणि तिची मैत्रीण टेबलाच्या दोन टोकांना बसायच्या आणि नुसते ओठ हलवायच्या. हौदातले दोन मासे. मी आठ वर्षांची होईतो वाचायला शिकले. पुस्तक नाही हो, पुस्तकात मी नापास. आईचे ओठ! त्या विषयात वर्गात पहिली, कारण वर्गात मी एकटीच."

त्रेंदाफिलचं पोट हललं. नेद्याल्काला वाटलं, आपल्या अंगावरचा झगा कुणीतरी भर चौकात उतरवतंय. पोरीला येत होतं! सगळं? प्रत्येक रविवारचं?

"पहिल्या आठवड्यात कळलं की शेजारच्या काकांना त्यांच्या बायकोने का हाकललं. दुसऱ्या आठवड्यात कळलं की बाबांच्या घोरण्याला आमच्या आईने नाव ठेवलंय, ‘तीन नंबरचा माग’. मी खूश! घरात रेडिओ नव्हता, पण बातम्या चालू होत्या. तिसऱ्या आठवड्यात कळलं की पलंगाखालची सुटकेस आमच्या सहलीसाठी नाही."

त्रेंदाफिल फुटला. पहिला खडा बादलीत ठण्णकन पडला. पाठोपाठ टोकाला बसलेल्या मास्तरीणबाईंचा. सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं लीना कोण आहे ते, आणि तीनशे माणसं विनोद ऐकता ऐकता नेद्याल्काचं तोंड बघत होती.

"ही मावशी मूळची वार्नाची, समुद्रकाठची. तिने आईसाठी मासळीच्या कारखान्यात काम बघितलं होतं. आईने सुटकेस भरली होती. आणि आई ओठांनी म्हणाली, ‘ही पोर नसती तर मी केव्हाच गेले असते.’" वेलीनाने माइक दुसऱ्या हातात घेतला. "मी आठ वर्षांची. समुद्र कधी पाहिलेला नाही. मला वाटलं, बापरे, मी केवढी मोठी आहे! अख्खा समुद्र अडवून धरलाय मी!"

सभागृह कोसळलं. तेव्हा पहिल्यांदा वेलीना वळली, बाकासमोर आली आणि आईकडे बघत उभी राहिली. सगळं सभागृह त्या बकरीच्या आवाजाची वाट बघत होतं. नेद्याल्काला हसायचं होतं. देवाशपथ हसायचं होतं. तो खडा पोरीच्या बादलीत टाकायला तिचा हात शिवशिवत होता. पण हसू येईना. खोटं हसावं, तर या गावात तिचं हसू बाळगोपाळांना पाठ, एका क्षणात पकडली जाईल, आणि पोरीचा दगड खोटा ठरेल. उठून जावं, तर दगड तडकायच्या आधी घर तडकलं असं लोक म्हणतील. इकडे आड, तिकडे विहीर. तिने दातावर दात दाबले, खडा तळहातात रुतला, आणि घंटा झाली.

वेलीनाने माइक ठेवला. बादलीत दोन खडे होते.

दुसरा कलाकार प्लोव्दिवचा गेंचो. गोबरा, घामेजलेला, गरीब माणूस. आपल्या सासऱ्याच्या बकऱ्यांच्या गोष्टी सांगत होता. बऱ्या होत्या. बाकावरचा एक बस ड्रायव्हर हसला, एक आजोबा हसले, दोन-दोन झाले. आता नेद्याल्का तशीच बसून राहिली असती तरी बरोबरी होती, आणि टाळ्या तर वेलीनाच्याच होत्या. हे तिलाही कळत होतं. फक्त बसून राहायचं. आयुष्यभर जे केलं तेच आणखी चार मिनिटं करायचं.

गेंचो सांगत होता की बकरी दारात आडवी बसली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण नेद्याल्का ऐकतच नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर दोन वेण्यांची, ढोपर फुटलेली पोरगी उभी होती. दोन्ही हात पसरून, गाल फुगवून, सगळा काळा समुद्र मागे रेटत. मी अडवलाय! आईला कळू न देता! इतकी वर्षं! आणि नेद्याल्काच्या घशात काहीतरी अडकलं. तिने गिळलं. ते परत वर आलं. मग तिच्याच्याने राहवेना, बकरी बेंबटली, आणि अशी बेंबटली की डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती बाकावरच दुमडली.

सभागृह नाचायचं तेवढं बाकी होतं. गेंचो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"हे याचं नाही," नेद्याल्का हुंदक्यातून म्हणाली. "मघाचं आहे. समुद्राचं आहे."

"बोलायचं नाही, काकू," निवेदक लाडात म्हणाला आणि तिच्या मुठीतला खडा सोडवून गेंचोच्या बादलीत टाकला. वरातीमागून घोडं आलं ते असं. नियम म्हणजे नियम. ज्या क्षणी दात दिसले, त्या क्षणी समोर असेल त्याचा.

दगड गेंचोला मिळाला. बाहेर अंगणात तो नेद्याल्काचे हात सोडेना. "मावशी, माझं नशीब काढलंत! बकरीचा तो विनोद एवढा आवडला तुम्हाला?" लोक फोटो काढत होते, ती मध्ये कोंबली गेली होती. भिंतीशी वेलीना बसच्या वेळापत्रकाकडे बघत उभी होती.

नेद्याल्काने गेंचोचा हात झटकला, गर्दी कोपराने सारली आणि मुलीसमोर जाऊन उभी राहिली. आवाज कुठून सुरू करायचा हे तिला कळेना, म्हणून तो नको तेवढा मोठा आला.

"ते हसू तुझं होतं!"

"ठाऊक आहे," वेलीना म्हणाली. "मी बघत होते ना पडद्याआडून."

"मी बोलले होते ते. स्तोइनाशी. खरंच बोलले होते. मला जायचं होतं. तुझ्यामुळे अडकले होते मी, आणि तुझ्यावर कधी कधी राग यायचा. आठ वर्षांच्या पोरीवर!"

"आई, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

वेलीनाचं नाक लाल झालं, बापाचं व्हायचं तसंच. "हे तेव्हा एकदा मोठ्याने म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मी भांडले असते तुझ्याशी, रडले असते, आणि मिटलं असतं. आता मला त्याचे विनोदच करता येतात, दुसरं काही येत नाही."

"मग भांड ना आता."

"सहाची बस आहे माझी."

"सुटकेस अजून पलंगाखाली आहे," नेद्याल्का म्हणाली. "भरलेली. तुझा बाप गेला, तू गेलीस, स्तोइना गेली, आता मला अडवायला कुणी नाही. आणि नऊ वर्षं मी वार्नाला गेले नाही गं. मग तू कसली अडवत होतीस?"

बस आली. नेद्याल्का तिच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत गेली, आणि दार उघडलं तरी दोघींपैकी कुणालाच चढायचं की परतायचं हे ठरवता येईना. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.