एका जपानी गेमची प्रतवारी

सूर्यभान गावंडे म्हटलं तर अकोल्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कोणी मान वर करणार नाही. सूर्यभान ग्रेडर म्हणा, मग बघा. तीस वर्षं त्या माणसानं दुसरं काही केलंच नाही. कापसाची गाडी आली की बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात आत घालायचा, मधला कापूस उपसायचा आणि दोन्ही हातांच्या चिमटीत पुंजका ओढून धाग्याची लांबी सांगायची. शितावरून भाताची परीक्षा होत असेल, कापसाची होत नाही, असं ते ठणकावून सांगत. वरचा थर सगळेच चांगला लावतात. कवडी, म्हणजे डागाळलेला किडका कापूस, पोटात असतो.

फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्याभरात सुधारला, तोंड सरळ झालं, पण उजवा हात रुसून बसला. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला. "हा चेंडू दाबून मी कोनाचं भलं करून राहिलो?" असं म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी तो फडताळात टाकला. इकडे जिनिंगचे मालक इनायतुल्लाभाई यांनी जागा दसऱ्यापर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम सुरू होईपर्यंत, रिकामी ठेवली होती. तोवर हात आला नाही, तर अमरावतीचा दुसरा माणूस येणार, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. सूर्यभानना त्यात काही गैर वाटलं नाही. राग आला तो स्वतःच्या बोटांचा.

त्यांची मुलगी आकांक्षा अमरावतीला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. जूनमधल्या एका शनिवारी घरी येताना ती आपला गेमचा डबा घेऊन आली आणि टीव्हीला जोडून मोकळी झाली. गेम जपानी होता. एका राज्याच्या सात घंटा मुक्या झालेल्या, आणि चौघा सोबत्यांनी डोंगर, दऱ्या, राक्षस पार करून त्या पुन्हा वाजवायच्या. तलवारी, मंत्र, पंखवाले अजगर, काही कमी नव्हतं.

"बाबा, कामाची सगळी बटनं उजव्या अंगठ्याखाली असतात," ती म्हणाली. "चेंडूपरिस बरं. अन् खेळून झालं की मले सांगा, काय चांगलं, काय वाईट. मले आमच्या ग्रुपवर लिहायचं आहे. पयला तास एकदम झकास आहे म्हनतात."

"पयला तास म्हंजे वरचा थर," सूर्यभान म्हणाले आणि त्यांनी वही मागवली. डाव्या पानावर 'गुण' लिहिलं, उजव्या पानावर 'खोट'. डाव्या हातानं लिहिलेली ती अक्षरं पाहून त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं.

मग रोज दुपारी जेवणानंतर टीव्हीसमोर ठाण. गुणांचं पान आधी भरू लागलं. या गेममध्ये लढाई पाळीपाळीनं चालते. आपली पाळी आली की आपण बटन दाबेपर्यंत समोरचा राक्षस नुसता उभा राहतो. सूर्यभानचा अंगठा बटनापर्यंत पोचायला जप करून व्हावा इतका वेळ घ्यायचा, पण राक्षस हूं की चूं करत नसे. "हा दुश्मन असून थांबते," ते पार्वताबाईंना म्हणाले. "आपले पाव्हने तं बोलायची पाळीबी येऊ देत नाहीत." गावातली माणसंही त्यांना आवडली. प्रत्येक घंटा वाजली की तीच माणसं काही नवीन बोलायची. लोहाराची सून रुसलेली असायची, ती पुढच्या खेपेला माहेरहून परतलेली दिसायची. हे काम मन लावून केलंय, असा शेरा त्यांनी लिहिला.

खोटही सापडत गेली. बर्फाळ डोंगरावर तिघं गडी लोकरीत गुंडाळलेले आणि मांत्रिक पोरगी मात्र उघड्या दंडांनी. "काहून वो, इले थंडी नाही वाजत?" पार्वताबाईंनी विचारलं. सूर्यभाननी ते जसंच्या तसं उजव्या पानावर उतरवलं, खाली पार्वताबाईंचं नावही टाकलं. आणि चौथ्या घंटेपासून सहावीपर्यंत नुसतं तण माजलेलं. तोच लांडगा, तोच लांडगा, रंग तेवढा बदललेला. सोडून द्यावं असं दहादा वाटलं. पण गाडीच्या मधोमध हात घातला की माल कसाही असो, हात अर्ध्यातून काढायचा नाही, ही त्यांची रीत होती. ऑगस्ट सगळा त्या लांडग्यांत गेला.

सप्टेंबरमध्ये सातव्या घंटेपाशी शेवटचा राजा उभा राहिला आणि त्यानं मोठाच दगा दिला. सत्तर तास मुकाट थांबणाऱ्या या गेमनं अचानक नियम बदलला. राजाचा वार आला की पडद्यावर एक ठिणगी उमटायची, आणि ती विझायच्या आत बटन दाबलं तरच वार अडायचा. सूर्यभानचा अंगठा पोचेपर्यंत चारही सोबती आडवे. एकदा नाही, सलग अकरा दिवस.

"द्या इकडं, एवढं मी खेळून देते," शनिवारी आकांक्षा म्हणाली.

"हात माया जाईन गाडीत, तुया नाही," ते खेकसले. मग जरा वेळानं खरं ते बोलले. "यानं मले हरवलं तं मी इनायतुल्लाभाईले सांगून देतो, दुसरा मानूस पाहा. मंग वाट पाहाची गरज नाही." दसरा बारा दिवसांवर आला होता.

आकांक्षानं गेममधली त्यांची सामानाची यादी उघडली आणि ती चक्रावली. संजीवनीच्या एकोणचाळीस कुप्या, चपळाईचे पंचवीस ताईत. सगळं जसंच्या तसं.

"बाबा, हे वापरलं काहून नाही?"

"ते बियानं आहे. बियानं खाऊन टाकलं तं पुढं पेरू काय?"

"पुढं काय? हा राजा मेला की गेम संपते. याच्यानंतर पेरनी नाही, बाबा."

 सूर्यभानची नजर ताटाकडे गेली. दुपारचं जेवण त्यांनी डाव्या हातानं, चमच्यानं केलं होतं. शर्टाची बटनं पार्वताबाई लावायच्या. दाढी डाव्या हातानं, दाराची कडी डाव्या हातानं. उजव्याला दुपारचा गेम तेवढा, बाकी दिवसभर तो उशीवर. हंगामासाठी राखून ठेवला होता म्हणे! डॉक्टर ओरडून सांगत होते, वापरा, वापरा; पालथ्या घड्यावर पाणी. एवढा जाणता माणूस, आणि आपल्याच हाताचं त्यानं बियाणं करून कोठीत ठेवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. "मी लय येडा निंघालो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरात रोज सांडलवंड सुरू झाली. वरणभात उजव्या हातानं, निम्मा ताटाबाहेर. शर्टाची पाच बटनं लावायला अर्धा तास. कोणी मदतीला आलं की डोळे वटारायचे. ताईत सोबत्यांच्या गळ्यात पडले, कुप्या फुटू लागल्या. ताईत घातला की ठिणगी जरा जास्त वेळ टिकायची, आणि अंगठाही आता जरा लवकर पोचायचा. नवव्या दिवशी राजा कोसळला, तेव्हा यादीत एकही कुपी उरली नव्हती. सूर्यभान लहान पोरासारखे रडले.

प्रतवारी त्यांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितली आणि आकांक्षानं फोनवर ती टिपून घेतली. "दुसरी प्रत. धागा लांब, मानसं जिवंत, वाट पाहाची दानत आहे. मधात कवडी लय. अन् शेवटी आपलाच शबुद मोडला, त्याच्यासाठी पयली प्रत देत नाही."

दसऱ्याला जिनिंगमध्ये पूजा झाली आणि पहिली गाडी आत आली. इनायतुल्लाभाई हात मागे बांधून उभे होते. सूर्यभाननी उजवी बाही वर सारली, हात कोपरापर्यंत आत घातला, पुंजका काढला, दोन्ही चिमटीत धरून ओढला. पुंजका सुटला नाही. त्यांनी लांबी सांगितली. मग मूठभर कापूस पुन्हा दाबून पाहिला, आणखी एकदा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ओल किती?" इनायतुल्लाभाईंनी विचारलं.

एक आकडा ठोकून दिला असता तरी कोणाला कळलं नसतं. तीस वर्षांचा अंदाज होता.

"भाई, या हाताची प्रत सांगतो," सूर्यभान म्हणाले. "ओढते, लांबी बरोबर सांगते, कवडी पकडते. ओल नाही समजत. बोटाच्या टोकाले अजून जान नाही. ओलीसाठी मशीन घ्या, बाकी सारं मी पाहतो. दुसरी प्रत आहे. घ्याची असन तं घ्या."

इनायतुल्लाभाईंनी मागे बांधलेले हात सोडले. "अपने माल की खोट मुंह से बोलनेवाला मैंने इस धंदे में नहीं देखा, सूर्यभानभाऊ," ते म्हणाले. "मशीन मागवतो. उद्या आठले या."

"उद्या काहून?" सूर्यभान म्हणाले. फाटकातून दुसरी गाडी आत वळत होती, आणि ते तिच्याकडे निघालेही होते.