विहिरीत टाकलेल्या पट्ट्या

ती विहीर मला अजून जशीच्या तशी दिसते. झाशीबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीमागची, बिनकठड्याची, तळाला कमरेएवढं पाणी असलेली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण सांगावंसं वाटतं ते या विहिरीचं प्रकरण. नावं कुणाचीच लिहिणार नाही. ती माणसं इथेच आहेत, बाजारात भेटतात.

मी शिकलेला नाही. आठवी केली आणि शिपाई म्हणून भरती झालो. दरोगा, म्हणजे फौजदार, झालो तो वर्दी झिजवून, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे शिकल्यासवरल्यांचा विषय येणार आहे.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी चौकीचा इंचार्ज. सकाळची हजेरी झाली, मुन्शीने रोजनामचा, म्हणजे चौकीची नोंदवही, उघडला, तेवढ्यात एक कारखानदार आला. आपल्यातलाच, इथल्या जुन्या मराठी घरातला, चाळिशीचा. त्याच्या वडिलांशी माझी ऊठबस होती. या पिढीचं मराठी निम्मं हिंदी.

"काका, माझ्या कारखान्यात चोरी चालली आहे. लोखंडी पट्ट्या रोज गायब. आणि चोर कोण ते मला पता आहे."

हा पोरगा बबीनाकडच्या एका मोठ्या कारखान्याला पट्ट्या पुरवायचा. प्रत्येक पट्टीला चार छिद्रं, ठरलेल्या जागी. दोनदा माल कमी भरला होता. शनिवारपर्यंत पुरा माल गेला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं आणि बावीस माणसं घरी बसणार होती. त्याचा संशय मिस्त्रीवर. गुरसरायचा म्हातारा, वडिलांच्या वेळेपासूनचा. गोदामाची किल्ली त्याच्याकडे.

"त्याला अंदर करा, काका. बाकीचे आपोआप सुधरतील."

मी विचारलं, "खराब माल किती निघतो तुझ्याकडे?"

"नाहीच!" छाती काढून म्हणाला. "मी नियम लावला आहे. ज्याची पट्टी बिघडेल, त्याने ती तारेत ओवून दिवसभर गळ्यात घालायची. पहिल्या महिन्यात आठ-दहा निघाल्या. आता एक नाही."

हे मला खटकलं. ज्या चौकीच्या रोजनामच्यात एकही भांडण नाही, तिथे भांडणं होत नाहीत असं कधीच नसतं. लिहून घेणारा लिहीत नाही, एवढंच. तरी तक्रार लेखी घेतली आणि मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

म्हातारा आला आणि स्टुलावर ताठ बसला. मी पोलिसी खाक्यात सुरू केलं. किल्ली कुणाकडे, भंगारवाला कोण, माल कुठे विकला. दोन तास गेले. शेवटी मी टेबलावर हात आपटला.

"बोलो मिस्त्री, नहीं तो शाम तक जेल!"

"भेज दीजिए," तो म्हणाला. "चोरी मैंने की नहीं. और जो हुआ है, वो मैं बताऊँगा नहीं."

मी हट्टी आहे, घरीदारी सगळे म्हणतात. त्या दिवशी मला माझ्या तोडीचा माणूस भेटला. आणि एक सांगतो, चोर कधी असा बोलत नाही. चोर शपथा खातो, मुलांना मध्ये आणतो, दुसऱ्याचं नाव घेतो. हा कुणाला तरी पाठीशी घालत होता.

त्याला चहा दिला आणि मी कारखान्याच्या फाटकाशी गेलो. तिथे एक बाई चहाची टपरी चालवायची. जिभेने तिखट, नजरेने त्याहून. मी बाकावर बसलो तर कप पुढे करत तिने टोमणा मारला, "काए दरोगा जी, मिस्त्री खों बिठा लओ? बड़े सूरमा हौ!"

"चोर है वो."

"जे चोरी नइयाँ. छुट्टी के टैम पीछे जाकें कान लगाओ. कुआँ में छपाक-छपाक होत है."

सुटीच्या वेळी मागच्या विहिरीत काहीतरी पडतं, ही खबर. कुठला पगारी खबऱ्या नाही, चहावाली. तीन महिने तिला ठाऊक होतं आणि मालकाने कधी विचारलं नव्हतं.

मालकाला घेऊन मी त्या विहिरीवर गेलो आणि दोन मजूर दोराने खाली उतरवले. टोपलीत भरभरून पट्ट्या वर येऊ लागल्या. शंभरावर निघाल्या. गंजलेल्या, चिखलाने माखलेल्या. मालक कपाळाला हात लावून उभा. "सगळे मिळून मला बुडवत होते, काका!"

मी पट्ट्या धुवून घेतल्या आणि चौकीच्या आवारात ओळीने मांडायला लावल्या. चोरीचा माल आम्ही असाच मांडतो, सवयच ती. मिस्त्रीला आणून समोर उभा केला. आता तो बोलला, खाली बघत.

"साहब, जिसकी पट्टी बिगड़ती थी, वो चुपचाप कुएँ में डाल देता था. मैंने देखा, मैं चुप रहा. गले में पट्टी मेरे भी पड़ चुकी है. मेरा दामाद इसी कारखाने में है. उसके सामने दिन भर पहनी मैंने."

मग हळूच, "दस-बारह इसमें मेरी भी हैं. आँखें जा रही हैं मेरी. पता चलता तो निकाल देते."

मालक मान वळवून उभा राहिला. मी ओळीतून चालत होतो. मला नकाशा वाचता येत नाही, मोजमापाची पट्टी धरता येत नाही. पण बत्तीस वर्षं मी फोडलेली कुलपं पाहिली. दहा घरांची कुलपं एकाच जागी वाकलेली दिसली, की चोर दहा नसतात, एकच असतो. इथे प्रत्येक पट्टीत चौथं छिद्र डावीकडे सरकलेलं. सगळीकडे तेवढंच, काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढं. बावीस माणसं, बावीस हात. सगळ्यांचा हात एकाच जागी कसा चुकेल?

"छिद्र पाडताना पट्टी कशात बसवता?" मी मालकाला विचारलं.

"साच्यात. सगळ्यांना एकच आहे."

"घेऊन ये तो."

लोखंडी साचा आला. त्याचं चौथं भोक घासून ढिलं झालं होतं. ड्रिल कधी बरोबर बसे, कधी सरके. ज्याची बिघडली त्याला वाटायचं, आपलाच हात चुकला. तो लपवायचा, म्हणून दुसऱ्याची कुणी पाहिलीच नाही. शंभर पट्ट्या एका जागी बघणारा पहिला माणूस मी, आठवी पास.

मिस्त्रीने साचा हातात घेतला, भोकात करंगळी फिरवली आणि एकदम हसला. डोळ्यांत पाणी. "तो मेरी आँखें ठीक हैं!"

मालकाने मुन्शीकडे जाऊन तक्रार मागे घेतो असं लिहून दिलं. परत आला, ओळीतली एक पट्टी उचलली आणि मिस्त्रीला म्हणाला, "चाचा, आज ये मैं पहनूँगा." म्हाताऱ्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "रहने दीजिए. शनिवार में चार दिन हैं. साँचा नया बनाना है."

शनिवारी माल गेला, पुरा.

आमच्याकडचे छोटे कारखाने का चालत नाहीत, यावर लोक पुष्कळ बोलतात. वीज जाते, कच्चा माल महाग, बँक दारात उभं करत नाही. सगळं खरं. पण त्या कारखान्यात वीज होती, माल होता, माणसं कसबी होती. वाईट बातमी मालकापर्यंत पोचायची वाट तेवढी बंद होती, आणि ती त्याने स्वतः बंद केली होती.

कबूल करायला जड जातं, पण त्या संध्याकाळी मी चौकीत जाऊन माझ्या शिपाई पोरांकडे पाहिलं. माझा आवाज मोठा. माझ्याही चौकीमागे अशी एक विहीर असणार, हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला मी विचारलं, काल कुणाकडून काय चुकलं? जो तो टोपी नीट करू लागला. तेव्हा मी माझी चूक आधी सांगितली, की निरपराध माणसाला मी दोन तास धमकावत होतो. मग हळूहळू बोलले.

गेल्या महिन्यात त्या कारखान्यात गेलो होतो. आता तिथे चाळीस माणसं आहेत. फाटकातून आत गेलं की एक टेबल. बिघडलेली वस्तू रोज सकाळी त्यावर उघडी ठेवायची, सगळ्यांनी बघायची, नाव कुणाचं विचारायचं नाही. मिस्त्री अजून कामावर, चष्म्याशिवाय. मला मात्र चष्मा लागला.

त्याने ताजी पट्टी माझ्या हातात दिली. "बताइए दरोगा जी, चोर कहाँ है?"

मी खूप वेळ उलटसुलट करून पाहिली. चारही छिद्रं बघितली, बोट फिरवलं. काही सापडेना. शेवटी हरलो म्हटलं.

म्हातारा हसला. "इसमें है ही नहीं, साहब."