वेळेच्या आधी पोचलेली मोटार

माझं लग्न मोटारींच्या शर्यतीत जुळलं असं सांगितलं की लोकांना वाटतं मला कुणी पळवून नेलं असावं. तसं काही नव्हतं. आमचं घर कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती सडकेच्या काठी होतं. पन्नास-पंचावन्न सालांकडच्या त्या दिवसांत सडकेवर मोटारी थोड्या आणि कापसाच्या बंड्याच जास्त दिसत. मोटार गेली की धूळ बराच वेळ उन्हात तरंगत राही आणि मी ओसरीवर तिच्याकडे बघत बसे. आई म्हणायची, या पोरीचं डोकं त्या धुळीतच राहतं. खरं होतं ते.

मला पाहायला आलेला मुलगा नागपूरला मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात होता. पोहे झाले, चहा झाला, आणि तो हौसेने शर्यतीत मोटारही चालवतो हे निघालं. बाबांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. खुलला, कारण बाबा शंकरपटाचे शौकीन. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत आमची जोडी दर साली पळायची. पडला, कारण पोरगी द्यायची तर जावई टिकायला हवा. त्यांनी सरळ विचारलं की या खेळात माणसं मरतात का. मुलगा म्हणाला, मरतात, पण शर्यतीशर्यतीत फरक असतो. ते (नवऱ्याला मी 'ते'च म्हणते) खोटं बोलले नाहीत, हे दाराआडून ऐकताना मला फार आवडलं.

मग त्यांनी फरक सांगितला. एक शर्यत गोल रस्त्यावरची. सगळे एकदम सुटतात, त्याच वाटेवर फेऱ्या मारतात, आणि जो पुढे तो जिंकला. दुसरी दिवसरात्र चालणारी. एका मोटारीत पाळीपाळीने माणसं बसतात, आणि ठरल्या वेळात जी मोटार सगळ्यात जास्त अंतर तोडेल ती खरी. तिसरी डोंगर चढायची, तिथे प्रत्येक जण एकटा आणि समोर फक्त घड्याळ. चौथी गावागावांतून, रोजच्या सडकेवरून जाणारी. तिच्यात चालवणाऱ्याशेजारी एक जण नकाशा आणि घड्याळ घेऊन बसतो. मोटारी थोड्याथोड्या अंतराने सुटतात, आणि प्रत्येक नाक्यावर नेमून दिलेल्या वेळेलाच पोचायचं. उशीर केला तरी गुण जातात, लवकर आलं तरी जातात. ते स्वतः ही चौथी खेळत.

बाबांना पहिली लगेच पटली. चौथी ऐकून ते म्हणाले, ही शर्यत आहे की टपालगाडी? सगळे हसले, मुलगाही हसला.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी अर्धी स्वप्नातच होते. मोटारीत मी कधी बसले नव्हते, म्हणून त्या शर्यती मी आमच्याच मुलखात लावल्या. गोल शर्यत आमच्या खळ्यावर फिरायची, मळणीच्या बैलांमागून, आणि कडब्याचा भुसा सोनेरी होऊन उडायचा. डोंगराची मोटार केळझरच्या गणपतीकडे चढायची आणि वर पोचल्यावर तिचा आवाज घंटेत मिसळून जायचा. दिवसरात्रीची शर्यत तर संपायचीच नाही. कपाशीच्या पांढऱ्या वावरांमधून दिवे जात राहायचे, जात राहायचे, आणि मी भाकरी करपवायची. चौथ्या शर्यतीत मात्र शेजारी नकाशा घेऊन बसलेलं माणूस मीच असायची. मला तिथे लग्न करायचं होतं, आणि बाबा काही बोलत नव्हते.

मग निरोप आला की शर्यत आमच्याच सडकेने जाणार आहे. बाबा म्हणाले, पोरगा मैदानात पाहू, मग ठरवू. माझा जीव टांगणीला लागला.

त्या दुपारी सगळं गाव सडकेला होतं. बाबांनी पटाला बांधायचा फेटा बांधला होता. गावात ढाब्याजवळ टेबल टाकून नाका केला होता, आणि आम्ही अलीकडच्या वळणावर उभे होतो. एक मोटार गेली, मागून दुसरी गेली. मग त्यांची आली आणि वळणावरच्या निंबाखाली थांबून बंद झाली. शेजारचा मित्र मांडीवर घड्याळ घेऊन बसला होता. मागची एक मोटार त्यांना ओलांडून निघून गेली. मला चौथ्या शर्यतीचा नियम पाठ होता, पण चारचौघांत लग्नाच्या पोरीने तोंड उघडायची सोय नव्हती.

पटात बैल बसला की आपलीच नव्हे, कुणाचीही जोडी असो, माणसं धावून जातात. बाबा धावले.

"बैल बसला म्हंजे धुरकऱ्याले एकटं सोडत नसतात," असं म्हणत त्यांनी फेटा सावरला आणि मोटारीला खांदा लावला. त्यांचं बघून आणखी माणसं भिडली. जोडी हाकणाऱ्याला मदत करावी तशी ती मदत होती, अगदी मनापासूनची. आतला मित्र घड्याळ हलवत ओरडत होता. पण गलक्यात त्याचं कोण ऐकतो! त्यांनी एकदा मागे वळून बाबांकडे पाहिलं, आणि मग दोन्ही हातांनी चाक धरून गप बसून राहिले. मोटार उन्हातून हळूहळू, कसलाही आवाज न करता, एखाद्या वरातीसारखी नाक्यात शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावरच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि लवकर आल्याबद्दल गुण कापले.

मोटारी अमरावतीहून नागपूरला परतून शर्यत सरली तेव्हा ते हरले होते. इतर कुठेच चुकले नव्हते, आमच्याच गावात तेवढे गुण गेले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आमच्याकडे आले, काही न सांगता चहा प्यायला बसले. पण ढाब्यावर बाबांना सगळं कळलं होतं. बाबांना इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि भीतीही वाटली की शरमेपोटी ते नाही म्हणतील.

"बोलला काऊन नाई?" बाबांनी विचारलं. "निदान ब्रेक त दाबायचा."

ते कपाकडे बघत म्हणाले, "काकाजी, तुमी सारा भार लावून लोटून राह्यले होते. ब्रेक दाबला असता त तुमी तोंडघशी पडले असते."

 बाबा उठून आत आले, दाराआड मी उभीच होते. माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"जाय पोरी," ते म्हणाले, "बाहेर जाऊन त्याच्या समोर बस."