चिठ्ठीखालचं उत्तर

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते. सभागृहातला कोणीही प्रश्न विचारू शकतो. अवघड प्रश्न आला तर विषय वळवता यावा म्हणून जळगावातले आम्ही काही मार्गदर्शक एक सोपा प्रश्न चिठ्ठीवर लिहून ओळखीच्या माणसाकडे देऊन ठेवतो. माझी चिठ्ठी बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याकडे होती.

विद्यार्थिनी धुळ्याची, शाळेत शिकवणारी. सहा वर्षं खपून तिने दोन जुन्या अमेरिकन कवींची तुलना केली होती. एक लांबलचक ओळींत साऱ्या जगाला हाक मारणारा. दुसरी घरातच राहून चार-चार ओळी लिहिणारी. तिचे शिंपीकाम करणारे वडील पहिल्या रांगेत पेढ्यांचा डबा घेऊन बसले होते. शाली-नारळ टेबलावर तयार होते. निकाल तेवढा बाकी होता.

बाहेरगावचे परीक्षक तासभर तिला सोलत होते. "शैली कळली. पण हे दोघे अजून का वाचायचे?" ती अडखळली. मी शेजाऱ्याला खूण केली.

तो उठला, चष्मा लावून वाचू लागला, "दोघांत अधिक टिकाऊ कोण? उत्तर : दोघेही आपापल्या जागी श्रेष्ठ."

गडबडीत चिठ्ठीऐवजी, खाली उत्तर लिहिलेला तिच्या उजळणीचाच कागद मी त्याला दिला होता.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "हेच वाक्य प्रबंधाच्या शेवटी आहे. कोणाचं?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी हात वर केला. "माझं."

"मग पदवी कोणाला द्यायची?"

वडिलांनी मांडीवरचा डबा खुर्चीखाली सरकवला.

"सर, माझं उत्तर वेगळं आहे," ती म्हणाली. "त्या कवीला मोठ्याने वाचलं की वर्ग ताठ बसतो, आणि घंटा झाली की विसरतो. तिच्या कवितेला मुलं जांभया देतात. पण धुळ्याहून इकडे येताना एसटी एरंडोल सोडते तेव्हा तिचीच एखादी ओळ मला आठवते, आणि दर वेळी वेगळं सांगते. त्याला टिकायला श्रोते लागतात. तिला एक माणूस पुरतो."

"हे प्रबंधात का नाही?"

"घाबरले."

त्यांनी प्रबंध तिच्यापुढे ढकलला. "ते वाक्य खोडा. हे लिहा. आत्ता."

तिने ते खोडलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि अहवालावर सही केली.

बाहेर पेढे वाटले जात होते. शेजारी माझ्या कानाशी आला. "भाऊ, मी बठ्ठं वाची टाकं, उत्तरबी. खालनं वाचानं नव्हतं का?"

माझ्या खांद्यावर यशस्वी मार्गदर्शनाची शाल होती. मी तिची घडी करून पिशवीत ठेवली.