मी पुण्याला का गेलो नाही

अप्पांना अर्धांगवायू झाला, त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अव्वाला म्हणजे आईला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, तर नाहीच.

अप्पा वाईट नव्हते. सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनवर पॉइंट्समन होते, आयुष्यभर गाड्यांना वाटा काढून दिल्या. दोन्ही पोरांनी इस्त्रीचे कपडे घालून कामावर जावं एवढीच त्यांची इच्छा. अण्णा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा निम्मी पुरी झाली. उरलेली निम्मी माझ्यावर होती. मी ड्रॉइंगचा डिप्लोमा केला होता, पुण्यातल्याच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून निवडही झाली होती. रुजू व्हायला दोन-अडीच महिने होते. तोवर घरी बसून काय करायचं म्हणून मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या युनिटमध्ये जायला लागलो. काम नक्षीचं.

तेव्हा चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डं क्रमाने ओवून मागावर चढवायची. भोक सांगेल तो धागा उचलला जातो. मी काढला मोर. सोलापुरात मोर काढायचा नाही तर काय काढायचं! कार्डं ओवताना माझा एक गठ्ठा खालचा वर झाला. माग सुरू झाला आणि हातभर कापड विणून आल्यावर मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे काय काढलंय म्हणायचं?"

"मोर."

"मोर? आन् त्येच्या डोक्यावर पाय कुटनं निगाले?" सगळा शेड हसला. मागांच्या खडखडाटात हसणं ऐकू येत नाही, नुसते दात दिसतात. "पंचवीस वर्सं हितं हाय मी, पन असलं जनावर न्हाय बघितलं की. ओव परत!"

मी परत ओवली. दुसऱ्या दिवशी मोर सरळ उतरला. मान, तुरा, पिसाऱ्यातला एकेक डोळा. मी कागदावर पेन्सिलीने काढलेली रेघ लाल सुताची होऊन माझ्यासमोर इंच इंच वर येत होती. मास्तरांनी बोटाने कापड चाचपलं आणि काही न बोलता पुढच्या मागाकडे गेले. ती शाबासकी होती हे मला नंतर कळलं. पण मला दुसरं एक कळलं होतं. मी पुण्याला जाणार नव्हतो.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका एसटीडी बूथवरून मी त्या कारखान्याला फोन केला. येत नाही म्हणालो. पलीकडच्या माणसाने कारण विचारलं. "घरगुती," मी म्हणालो. बूथबाहेर येऊन उसाचा रस घेतला आणि आता घरी कसं सांगायचं या विचारात अर्धा ग्लास तसाच ठेवून निघालो. पँट-शर्टची नोकरी सोडून चादरीच्या युनिटमध्ये पुठ्ठ्याला भोकं पाडत बसणार, हे अप्पांना कोणत्या तोंडाने सांगायचं? रविवारी सांगू म्हटलं. अप्पा शुक्रवारी पडले.

अण्णा पुण्याहून धावत आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणाला, "मी नोकरी सोडतो. तू जा पुण्याला. तुझी सुरुवात हाय."

मी म्हणालो, "तू कुटं सोडतो? मी कंपनीला नाही म्हणून सांगितलंय."

यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त कधी सांगितलं ते मी बोललो नाही. अण्णा मला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, आणि त्याच क्षणी माझं मन हलकं झालं होतं. आता कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून मी घरातला त्यागी मुलगा झालो. लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणायचंच, "हा मागं राहिला म्हणून, न्हाय तर काय झालं असतं." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. अप्पा जाईपर्यंत त्यांचं सगळं मी आणि बायकोने केलं, मनापासून केलं, त्यात खोट नव्हती. पण अप्पा धडधाकट असते तरी मी इथेच राहिलो असतो.

आणि राहिलो ते बरं केलं. हे लिहायला मला आज लाज वाटत नाही. दरवर्षी डिसेंबर संपत आला की मी वर्षभराच्या नक्ष्या टेबलावर मांडतो आणि एकटाच बघत बसतो. माझ्या चादरी मी कुठे कुठे पाहिल्यात! एसटीच्या टपावर सामान बांधलेली, बाळंतिणीच्या खाटेवर, रुखवतात, एकदा तर भर उन्हात म्हशीच्या पाठीवर. पांघरणाऱ्याला ती कुणी काढली हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. मला माहीत असतं. आता नक्षी कॉम्प्युटरवर काढतो, भोकांची कार्डं गेली, पण डोळा तोच. मास्तरांच्या शेडमधला पोरगा आज सोलापुरातल्या जुन्या नक्षीवाल्यांत मोजला जातो. हे माझं मीच म्हणतो, कारण आमच्याकडे असं तोंडावर म्हणायची पद्धत नाही.

अण्णा नोव्हेंबरअखेर निवृत्त झाला आणि येळवशीला वहिनीसकट होटगीला आला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे घर बंद करून सगळे शेतात जेवायला जातात. चुलत्यांच्या रानात कडब्याची खोप केली होती. भज्जी, उंडे, आंबील, सगळं पानात पडलं आणि अण्णाने विषय काढला.

"पुण्याचा फ्लॅट विकायला काढलाय. गिऱ्हाईक हाय. संक्रांतीपर्यंत हिकडं येतो. अव्वाजवळ मी राहीन आता."

"आन् मी?" मी विचारलं.

"तू मोकळा! लई केलंस. जा कुटं जायचं ते. तुझी चित्रं काढ, प्रदर्शन भरव, फीर. माझ्यापायी तुझं आयुष्य चादरीत गेलं."

वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांची नातवंडं त्या फ्लॅटच्या शेजारच्याच गल्लीत राहतात. त्यांनी मान वर केली नाही, पण सोललेले दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत पडायला लागली. मी ते बघितलं.

"अण्णा, फ्लॅट विकू नको."

"तू बोलूच नको मधी."

"मी अप्पांसाठी राहिलो नव्हतो. कंपनीला फोन मी आधी केला होता. अप्पा पडायच्या आधी. मला चादरीच काढायच्या होत्या."

अण्णा हसला. मी त्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय असं त्याला वाटलं. मग मी सगळं सांगितलं. बूथ, 'घरगुती', रविवार. त्याचं हसणं हळूहळू उतरलं.

"आत्ता सांगताय व्हय भावजी?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

अण्णाने ज्वारीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मग मी सिंगापूरला का न्हाय गेलो रे?"

त्याची कंपनी त्याला सिंगापूरला पाठवत होती, दोनदा. दोन्ही वेळा त्याने नकार दिला. धाकटा एकटा सगळं सांभाळतोय, निदान हाक मारली तर एका रात्रीत पोचता यावं, म्हणून. हे मला माहीत होतं. दोन्ही वेळा मी फोनवर "बघ बाबा, तुझी मर्जी," म्हणालो होतो.

अव्वाला कमी ऐकू येतं. तिने अण्णाच्या पानाकडे बोट दाखवलं. "ऊटा माडप्पा," म्हणाली, जेव बाबा. अण्णा जेवला. परतताना तो अव्वाजवळ बसला, माझ्याजवळ नाही.

चार-पाच दिवसांनी तो अचानक एमआयडीसीत आला, माझ्या कामाच्या जागी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं," एवढंच म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "काय चाललंय तुझं?"

मी त्याला नव्या वर्षाचं काम दाखवलं. दोन नक्ष्या आहेत. एक ज्वारीच्या कणसांची, बाळाच्या दुपट्याएवढी. दुसरी मोठी, भिंतीवर लावायची, मोर नाही, फूल नाही. होटगी जंक्शनचे रूळ, वरून पाहिल्यासारखे, एकमेकांतून फुटत आणि मिळत गेलेले. हिच्यासाठी मालकाने पहिल्यांदाच मला हवे तेवढे रंग आणि हवा तेवढा वेळ दिलाय. अशी चादर सोलापुरात कुणी विणलेली नाही. उन्हाळ्यापर्यंत मागावर चढेल.

अण्णाने चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"हितं चुकलंय. मालगाडीची लाईन हिकडनं फुटत न्हवती. अप्पांच्या केबिनच्या मागनं जायची."

"खरंच की."

"मोराच्या डोक्यावर पाय काढनारा तू," तो म्हणाला. ती गोष्ट मी त्याला कधीकाळी पत्रात लिहिली होती, मीच विसरलो होतो. मग थोड्या वेळाने, स्क्रीनकडेच बघत, "चांगलं हाय. अप्पांनी बघायला पायजे होतं."

मला इतकं भरून आलं की मी उगाचच माऊस पुसत बसलो. आयुष्यभर मिळालेल्या सगळ्या कौतुकापेक्षा हे मोठं होतं, कारण हे त्यागाचं नव्हतं, कामाचं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. आमच्या घरात "चुकलं माझं" असं कुणी कुणाला म्हणत नाही, चहा विचारतो. मी चहा विचारला. त्याने घेतला आणि तो दुपारच्या गाडीने पुण्याला गेला.

मी अण्णाला काय घडलं ते सांगितलं आहे. अप्पा पडले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे सांगितलेलं नाही. आणि सिंगापूरबद्दल मी त्याची माफी मागितलेली नाही. या दोन गोष्टी मी त्याला देणं लागतो.